साहेबांची येझदी

परवा कोल्हापुरात पेट्रोल पंपावर एका गृहस्थांनी माझ्या गाडीबद्दल माझ्या नवऱ्याचं अभिनंदन केलं. त्या गृहस्थांवरचा राग जरासा उतरलाय. नवऱ्यावरचा नाही.

गाडी म्हणजे येझदी मोटरसायकल. बाबांची होती, आता कागदोपत्री माझी. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती जन्मली तो 1996 साली बंद पडला, तेव्हा बाबा कितीतरी दिवस सुतक असल्यासारखे घरात वावरले होते. टू-स्ट्रोक असल्यामुळे तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बाबा त्यासाठी खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरायचे, लिटरला चार झाकणं. झाकणही माझ्याकडेच आलंय. तर मी टाकी उघडून झाकणं मोजत होते आणि नवरा बाजूला दोन्ही हेल्मेटं धरून उभा होता. त्याची स्वतःची गाडी बटणावर सुरू होते आणि तिला गिअरच नाहीत. येझदीबद्दल त्याचं ज्ञान एवढंच, की मागे बसलं की पँटला वास लागतो.

पांढरा शर्ट, पायात करकरणारी कोल्हापुरी, असे साठीचे एक काका स्कूटर तशीच लायनीत सोडून आले. सरळ नवऱ्यासमोर.

"काय साहेब, येझदी न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"कुठलं मॉडेल म्हणायचं, साहेब?"

"रोडकिंग," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पंपावरचा हवेचा पाइप बोलला असता तर पाहिलं असतं तसं. मग पुन्हा नवऱ्याकडे वळले. "किती देती?"

आता इथे नवऱ्याने "तिला विचारा" एवढे दोन शब्द बोलायचे होते. तो म्हणाला, "तसं बरं आहे मायलेज."

बरं आहे! कुठल्या जन्मी मोजलंस रे?

मग जे सुरू झालं ते सांगते. काकांकडेही म्हणे होती येझदी. काकांच्या येझदीने अख्खा आंबा घाट टॉप गिअरमध्ये चढला होता, मागे मेव्हणा आणि मेव्हण्याच्या मांडीवर खताचं पोतं. काकांच्या येझदीचा आवाज ऐकून म्हशी धार सोडायच्या. नवरा "अरे वा", "काय सांगता" करत होता. मागे लायन वाढत होती. पंपावरचा पोरगा नोझल धरून "ताई, कितीचं?" विचारत होता. तिथे मला प्रश्न विचारणारा तो एकटाच, आणि तोही पैशांपुरता.

"पण साहेब," काका आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींच्या हातात कशाला देताय? जड गाडी. किक उलटी मारली तर पाय जायाचा. सरका वहिनी, मीच चालू करून देतो."

आणि ते गेले गाडीच्या उजव्या बाजूला.

ज्यांना येझदी ठाऊक आहे ते इथेच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते: येझदीची किक डावीकडे असते, आणि ती वेगळी अशी नसतेच. गिअरचाच दांडा आत दाबून उभा फिरवायचा, की झाली किक. गाडी सुरू झाली की तोच परत आडवा करून गिअर टाकायचे. उजवीकडे असतो तो ब्रेक. काकांनी ब्रेकवर पाय ठेवून अंगातलं सगळं बळ लावलं. येझदी ढिम्म. पुन्हा लावलं. मग वाकून सायलेन्सरच्या मागे काही सापडतं का बघितलं. मग नवऱ्याला म्हणाले, "किक काढून ठेवली काय, साहेब?"

साहेबांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी डावीकडे गेले, दांडा फिरवला, किक मारली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. (दर वेळी होत नाही. त्या दिवशी झाली, बाबांची कृपा.) निळा धूर काकांच्या पांढऱ्या शर्टापर्यंत गेला. आता तरी हा माणूस माझ्याशी बोलेल, असं मला वाटलं. काकांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "नाद खुळा! वहिनींना चांगलं शिकवलंय तुम्ही."

आणि नवरा म्हणाला, "थँक यू."

घरापर्यंत मी बोलले नाही. रस्त्यात ऊन डोळ्यांवर आलं आणि हेल्मेटच्या आत चार शिंका आल्या. हेही बाबांचंच. उन्हात आल्याबरोबर शिंका येणं आनुवंशिक असतं, आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. पित्त, रुंद पावलं, रस्ता विचारायची लाज, जुने नट-बोल्ट डब्यात साठवायचा रोग, हे सगळं मला न मागता मिळालं. त्यासाठी कोणी सह्या मागितल्या नाहीत. भावाला बाबांचे दाट केस मिळाले, त्यालाही कोणी काही विचारलं नाही.

गाडीसाठी मात्र मागितल्या. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलगी 1956 च्या कायद्यापासून पहिल्या वर्गातली वारस आहे. तरी आरटीओच्या खिडकीतल्या माणसाने फॉर्म 31, म्हणजे मयत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "भाऊ नाही का?" आहे. भावाने 'हरकत नाही' वर लगेच सही केली होती, वर म्हणाला होता, "ते लोखंड तूच ने बाई." कार्बोरेटर साफ करताना माझी नखं काळी झाली. हरित कर मी भरला. पावसाळ्यात ती बंद पडली तेव्हा भर रस्त्यातून ढकलत मीच आणली. भाऊ दसऱ्याला येतो, तिच्यावर हात ठेवून फोटो काढतो आणि खाली लिहितो, 'बाबांचा वारसा'. त्यावर शंभर लोक हात जोडतात. आईसुद्धा.

रविवारी त्याचा फोन आला. त्याचा मुलगा अठराचा झालाय, त्याला म्हणे जुन्या गाड्यांची आवड लागलीये, रक्तातच आहे. "तर म्हटलं, येझदी आता आपल्या घरी आणावी."

आपल्या घरी!

मी म्हटलं, "आण की. फॉर्म 31 असतो त्याला. त्यात मयत मालकाचं नाव लिहायची जागा आहे. ती माझ्या नावाने भरता आली की ये."