जुनापाणीच्या शिळावर्तुळांखाली गुप्तधन नाही

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दगडी वर्तुळांखाली सोन्याचे हंडे पुरलेत, असा मेसेज फिरतोय. काल मीही तो पुढे पाठवला, चूक माझीच. ही लोहयुगातली दफनं आहेत, दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी. वर्तुळाच्या मधोमध दगड-मातीची रास, खाली मृतासोबत ठेवलेल्या वस्तू. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९६१-६२ च्या उत्खननात लोखंडी अवजारं, काळी-तांबडी मातीची भांडी आणि घोड्याच्या कुळातल्या प्राण्याचा सांगाडा निघाला. (मला तरी हा सांगाडा हंड्यांपेक्षा भारी वाटतो!) जागा संरक्षित आहे, तिथे खणणं गुन्हा ठरतो. तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.