अपघातग्रस्ताला मदत करू नका, असे कोणताही कायदा सांगत नाही

'इंग्रजांनी केलेले आणि आजही लागू असलेले विचित्र वाहन कायदे' या मथळ्याचा एक संदेश सध्या ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरत आहे. एरवी त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु कासारवडवलीहून ऐरोलीला दुचाकीने कामाला जाणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचून, 'मामा, म्हणजे रस्त्यात कोणी पडलेला दिसला तरी थांबायचे नाही ना?' असे मला गंभीरपणे विचारले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

त्याच्या मनात भीती घालणारा मुद्दा असा: '1939 च्या मोटार वाहन कायद्यानुसार जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो आणि उपचारांचा खर्चही त्यालाच भरावा लागतो.' मुळात 1939 चा कायदा आज अस्तित्वातच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने कलम 217 अन्वये तो रद्द केला आणि हा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू आहे. त्यात 2019 च्या दुरुस्तीने घातलेले कलम 134-अ संदेशाच्या नेमके उलट सांगते: सद्हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीवर, मदत करताना तिच्या हातून काही हयगय झाली आणि त्यामुळे जखमीला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू ओढवला, तरीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. केंद्राने 2020 मध्ये केलेल्या नियमांनुसार पोलीस अशा व्यक्तीला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, आणि या हक्कांची सनद इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वारापाशी किंवा ठळक जागी लावली पाहिजे. खर्चाचे म्हणाल, तर जखमीला आणून सोडणाऱ्या त्रयस्थाकडे पैसे मागू नयेत, असे 2015 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतच होते आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये त्या बंधनकारक केल्या.

पूर्वी मदत करणाऱ्याला खरोखरच चौकीच्या आणि न्यायालयाच्या चकरा माराव्या लागत, हे मान्य करावे लागेल. त्या त्रासामुळेच तर ही तरतूद आली. परंतु याच कायद्याने दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला 'सुवर्ण तास' म्हणून व्याख्येत स्थान दिले आहे, आणि घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनाखाली आलेल्या दुचाकीस्वाराचा तो तास बघ्यांनी मोबाईलवर हा संदेश वाचण्यात घालवावा, अशी लेखकाची इच्छा असावी असे वाटू लागते. ज्याला स्वतः जखमीला हलवण्याचे धाडस होत नाही, त्याने निदान 108 वर दूरध्वनी करावा.

उरलेल्या मुद्द्यांवर फार शाई खर्च करण्यासारखे नाही. चप्पल, लुंगी किंवा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून वाहन चालवल्यास दंड होतो, ही अफवा असल्याचे नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने सप्टेंबर 2019 मध्येच जाहीर केले होते. रिक्षा-टॅक्सीचालकांना गणवेशाचे बंधन आहे, एवढेच काय ते त्यात तथ्य. मूळ कागदपत्रे जवळ नसल्यास वाहन जप्त होते, हेही चूक. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागदपत्रे 2018 पासून ग्राह्य आहेत.

मोटारीपुढे लाल बावटा घेतलेला माणूस चालला पाहिजे, हा नियम मात्र एके काळी खरा होता, पण ब्रिटनमध्ये. तेथील 1865 च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी चार आणि वस्तीत दोन मैलांची मर्यादा घालून, साठ यार्ड पुढे बावटाधारी माणूस चालवण्याची अट ठेवली होती. बावट्याची सक्ती 1878 मध्ये गेली आणि 1896 मध्ये हलक्या मोटारींना पुढे माणूस चालवण्याच्या अटीतूनही सूट मिळाली. तो ठाण्यात लागू असण्याचा प्रश्नच नाही, जरी संध्याकाळी गायमुख घाटात असा बावटेवाला मोटारींना सहज मागे टाकील.

विचित्र कायदेच हवे होते, तर घोडागाडीसारख्या भाड्याच्या वाहनांसाठीचा 1879 चा हॅकनी कॅरेज कायदा लेखकाच्या हाताशी होता. मोटारी येऊन शतक उलटले तरी तो खरोखरच पुस्तकात राहिला होता, आणि 2017 च्या निरसन कायद्याने तोही आता रद्द झाला आहे.