‘अ‍ॅड करा प्लीज’ एवढ्यावर दार उघडणाऱ्या टीम लीडरांनो

लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर आजच्या टीम बॅटलमध्ये, म्हणजे टीमा-टीमांच्या स्पर्धेत, पाऊण तास आपली टीम पहिली होती. मग पान रिफ्रेश झालं आणि आपला सगळ्यांत जास्त गुणांचा खेळाडू यादीतून गायब. प्रोफाइल उघडलं तर वर नियमभंगाची सूचना. त्याचे 26 गुण गेले, सहावा खेळाडू 9 गुणांसह, ज्यांचे गुण टीमला धरतात त्या पहिल्या पाचात आला, म्हणजे एका फटक्यात 17 गुण कमी, आणि टीम पहिल्यावरून चौथी. ग्रुपवर लगेच सुरू: ‘साइटच बोगस आहे’, ‘मुद्दाम आपल्यालाच टार्गेट करतात’.

कोणी टार्गेट केलेलं नाही. लीचेसवर खातं फेअर प्लेच्या, म्हणजे फसवणूक शोधणाऱ्या तपासणीत दोषी ठरलं की चालू स्पर्धेतूनही बाहेर काढतात, त्याच्याशी हरलेल्यांना गेलेलं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) परत देतात आणि स्पर्धा पुढे चालू राहते. त्यांनी त्यांचं काम केलं. आपण आपलं केलं का, हा प्रश्न आहे, आणि तो विचारला की ग्रुपवर शांतता पसरते.

या खात्याची जॉइन रिक्वेस्ट बॅटलच्या तासभर आधी आली होती. रिक्वेस्ट तपासूनच घ्यायची अशी सेटिंग आपल्या टीमला आहे, ती उगाच नाही. अर्जात एकच ओळ: ‘अ‍ॅड करा प्लीज’. मिनिटभरात मंजूर! कोणी मंजूर केली ते इथे लिहीत नाही, पण प्रोफाइल उघडलं गेलं नव्हतं हे नक्की. उघडलं असतं तर दिसलं असतं की खातं 12 दिवसांचं, ब्लिट्झचे (काही मिनिटांच्या झटपट प्रकाराचे) डाव 9, रेटिंग 2100 च्या वर आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह शोभेसाठी नसतं, मंडळी. रेटिंग मोजायला लीचेस ग्लिको-2 पद्धत वापरतं. नवं खातं 1500 वर सुरू होतं आणि त्या आकड्यासोबत एक विचलन असतं, म्हणजे हा आकडा किती कच्चा आहे याचं माप. ते 110 च्या वर असेपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह राहतं. सुरुवातीला विचलन प्रचंड असल्यामुळे दोनचार विजयांत रेटिंग शेकड्यांनी उडतं. उलट, जुना खेळाडू फार काळ खेळला नाही तर विचलन पुन्हा वाढतं आणि प्रश्नचिन्ह परत येतं. म्हणून प्रश्नचिन्ह दिसलं की इतकंच समजायचं: या आकड्यावर अजून टीम लावू नका.

हो, खरंच तगड्या खेळाडूचं नवं खातंही अगदी असंच दिसतं, मान्य. म्हणून नकार द्या असं म्हणतच नाहीये. थांबवा म्हणतोय.

आणि थांबवायचं काम स्वतःला करावं लागतही नाही. स्पर्धा तयार करताना प्रवेशाच्या अटींमध्ये ‘किमान रेटेड डाव’ (रेटिंगसाठी धरलेले डाव) अशी अट असते. तिथे 20 निवडा. 9 डाववाला आपोआप बाहेर, कोणाशी वाद नाही, कोणाचं मन दुखवायला नको. त्याच फॉर्मवर कमाल रेटिंगची अट आहे, तीही लोक चुकीची समजतात. 1600 ची मर्यादा घातली की लीचेस फक्त आजचा आकडा बघत नाही, गेल्या आठवड्यातलं सर्वोच्च रेटिंगही बघतं. आदल्या रात्री मुद्दाम दहा डाव हरून 1590 वर आलेला माणूस त्यामुळे आत येत नाही. दर स्पर्धेला कोणीतरी येऊन भांडतो, ‘माझं आत्ता 1590 आहे, मला का घेत नाही?’ म्हणूनच घेत नाही, बाबा.

आता प्रोफाइल कसं बघायचं. खातं कधी उघडलं ते बघा. मग ज्या प्रकारात खेळवायचंय त्याच प्रकारातले डाव किती, प्रश्नचिन्ह आहे का. मग रेटिंगचा आलेख: चढउतार असलेली वेडीवाकडी रेघ हे निरोगी लक्षण. सरळ उभी भिंत दिसली, किंवा खोल दरी आणि तिला लागूनच कडा, तर शेवटचे काही डाव उघडा. हरलेले डाव आधी. तिसऱ्या-चौथ्या चालीला राजीनामा दिलेल्या डावांची माळ असेल तर रेटिंग पाडण्याचा उद्योग चाललाय. जिंकलेल्या डावांत प्रत्येक चालीला किती वेळ घेतला ते बघा. सक्तीची परतमारही सहा सेकंदांत आणि अवघड बलिदानही सहा सेकंदांत, असं सारखंच घड्याळ चालत असेल तर कान टवकारायचे. पण यातलं काहीच पुरावा नाही. शंका आली तर डावांच्या लिंका देऊन रिपोर्ट करायचं आणि गप्प बसायचं. प्रोफाइलवर खाजगी टीप लिहायची सोय आहे, ती फक्त तुम्हालाच दिसते. तिथे लिहा, चॅटमध्ये नको.

दोन मिनिटांचं काम आहे हे. आज ती दोन मिनिटं दिली असती तर नंतर ग्रुपवर रात्रभर चालणारी ही चिखलफेक वाचली असती.

पण आपल्याला हौस सदस्यसंख्येची. ‘आपली टीम तीन हजारांची झाली’ असे बॅनर फिरतात. तीन हजारांतून आज खेळायला किती आले? अकरा! टीम बॅटलमध्ये गुण सगळ्यांचे धरत नाहीत, ठरवलेल्या आघाडीच्या खेळाडूंचेच धरतात. आज ते 5 होते. बाकीचे सदस्य काय कामाचे? आणि हो, हा आकडा स्पर्धा सुरू झाल्यावर बदलायचा नसतो, फॉर्मवरच तशी सूचना आहे. मागे एका आयोजकाने मध्येच 5 चे 10 केले होते आणि गुणतक्ता पार उलटापालटा झाला.

त्या अकरांपैकी अरीनाचे, म्हणजे ठरलेल्या वेळात डावामागून डाव खेळायच्या अशा स्पर्धेचे, गुण कसे मोजतात हे किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे. विजयाला 2, बरोबरीला 1. लागोपाठ दोन विजय झाले की पुढच्या डावापासून दुप्पट: विजयाला 4, बरोबरीला 2, आणि विजय चुकला की मालिका तुटली. बर्सर्कचं बटण दाबलं की आपलं घड्याळ निम्मं होतं आणि वाढीव सेकंदही जातात, म्हणजे 3+2 च्या डावात (तीन मिनिटं आणि दर चालीला दोन वाढीव सेकंद) हातात नुसती दीड मिनिटं. जिंकलात तर एक गुण जास्त, तोही निदान सात चाली खेळल्या असतील तरच. आपला एक गडी आज तीनदा बर्सर्क करून तीनदा वेळ संपून हरला, तेही वरचढ स्थितीत. दुप्पट गुणांची मालिका चालू असताना जोडाक्षरासारखी गुंतलेली स्थिती आणि दीड मिनिट घड्याळ, याला शौर्य म्हणत नाहीत. बर्सर्क कमजोर प्रतिस्पर्ध्यासमोर करायचं. बरोबरीचंही तसंच: दहा चालींच्या आत बरोबरी केली तर दोघांनाही शून्य, आणि बरोबरीमागून बरोबरी करत गेलात तर पहिलीचाच गुण मिळतो, पुढच्या डावांना तीसपेक्षा जास्त चाली व्हाव्या लागतात.

आणखी एक. दोन टीमांचे सदस्य असाल आणि दोन्ही टीमा त्याच बॅटलमध्ये असतील, तर प्रवेश करताना कोणाकडून खेळणार ते विचारलं जातं. न वाचता क्लिक केलंत तर सगळे गुण समोरच्यांच्या खात्यात. आज तसंही झालं. एकाचं.

परवानग्यांकडे येतो, कारण मुळात राग तिथलाच आहे. लीचेसवर प्रत्येक लीडरला वेगवेगळे अधिकार देता येतात: सेटिंग बदलणं, स्पर्धा भरवणं, चॅट-फोरम सांभाळणं, रिक्वेस्ट मंजूर करणं, सर्वांना संदेश पाठवणं, सदस्याला काढणं, आणि अ‍ॅडमिन. आपल्याकडे नऊ लीडर, आणि नऊ जणांना झाडून सगळे अधिकार. का? तर मान म्हणून! अहो, मान द्यायचा तर नाव लीडरांच्या यादीत जाहीर दिसावं एवढाच अधिकार द्या, तशीही सोय आहे. स्पर्धा भरवणाऱ्याला फक्त स्पर्धेचा अधिकार पुरतो. रिक्वेस्ट दोघांकडे ठेवा, म्हणजे कोणी मंजूर केली हे शोधत बसायला नको. अ‍ॅडमिन अधिकार म्हणजे दुसऱ्यांचे अधिकार बदलण्याचा अधिकार. तो ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात टीमच्या किल्ल्या आहेत. त्याचं खातं हॅक झालं किंवा त्याचं डोकं फिरलं, तर टीम गेली.

खेळाडूंच्या तक्त्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे चुका मजेदार असतात. नाव टाइप करू नका, प्रोफाइलची लिंक चिकटवा. इंग्रजी कॅपिटल आय आणि स्मॉल एल डोळ्यांना सारखेच दिसतात, ओ आणि शून्यही, आणि मग आमंत्रण भलत्यालाच जातं. लीचेसवर युजरनेम बदलता येत नाही, फक्त अक्षरं लहान-मोठी करता येतात आणि तीही एकदाच. त्यामुळे पोरांची खाती उघडताना नावात जन्मसाल घालू नका, ते जन्मभर तिथेच राहील.

तक्त्यात रेटिंगचा रकाना कोणत्या प्रकाराचा ते लिहिलेलं हवं. डाव कोणत्या प्रकारात मोडतो हे ठरवायला सुरुवातीचे सेकंद अधिक वाढीव सेकंदांच्या 40 पट असा हिशेब आहे. 3+2 म्हणजे 180 अधिक 80, एकूण 260, ब्लिट्झ. पण 5+5 म्हणजे 300 अधिक 200, एकूण 500, आणि लीचेसवर ब्लिट्झ 479 ला संपतं. म्हणजे 5+5 रॅपिड, ब्लिट्झहून संथ प्रकार, झालं! चेसडॉटकॉम या दुसऱ्या साइटवर मात्र तीन मिनिटांपासून दहा मिनिटांच्या आतलं सगळं ब्लिट्झ, म्हणून तेच 5+5 तिथे ब्लिट्झ. ब्लिट्झचं रेटिंग बघून संघ निवडलात आणि 5+5 खेळवलंत तर लीचेसवर बोर्डांचा क्रमच चुकतो. दोन साइटची रेटिंगं एका रकान्यात मिसळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

चेसडॉटकॉमच्या डेली सामन्यांत, जिथे एकेका चालीला दिवस मिळतात, दुखणं वेगळं. तिथे बोर्ड रेटिंगनुसार लागतात आणि प्रत्येक जण एकाच प्रतिस्पर्ध्याशी एकाच वेळी दोन डाव खेळतो, एक पांढऱ्याने, एक काळ्याने. माणूस गायब झाला तर एक नाही, दोन गुण जातात. खेळाडूच्या आकडेवारीत टाइमआउटची, म्हणजे वेळेत चाल न करून हरलेल्या डावांची, टक्केवारी दिसते. रेटिंग बघण्याआधी ती बघा. 1900 चा पण टाइमआउट करणारा खेळाडू 1500 च्या नेमाने चाल करणाऱ्यापेक्षा टीमला महाग पडतो.

आता जरा शांतपणे. आज ज्याचं खातं गेलं तो शाळकरी मुलगा आहे, असं नंतर कळलं. ग्रुपवर त्याच्या नावाने जे लिहिलं गेलं ते वाचून मला इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्यांचा राग आला. कदाचित त्याने इंजिन लावलं असेल. कदाचित मोठा भाऊ शेजारी बसून चाली सांगत असेल, तीही बेकायदा मदतच, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला हे कोणी सांगितलं होतं? आपण नाही. एका खात्यावर एकच माणूस, शेजारून चाल नाही, दुसऱ्या टॅबमध्ये विश्लेषण उघडं नाही: या तीन ओळी टीमच्या वर्णनात नाहीतच. वर्णनात आहे काय, तर झेंडे आणि बॅनर.

त्याच्या वतीने आपण साइटला अर्ज करण्यात अर्थ नाही, मॉडरेटर तिसऱ्या माणसाशी खात्याबद्दल बोलत नाहीत. ज्याचं खातं त्यानेच त्याच खात्यातून लॉगिन करून अपील लिहायचं, आणि खरं लिहायचं. कोणाची त्याच्या घरच्यांशी ओळख असेल तर एवढं पोहोचवा. नवं खातं काढून गुपचूप परत येऊ नकोस, हेही सांगा.

ज्यांच्या मुलांच्या खात्यावर किड मोड चालू आहे, म्हणजे लोगोवर हसरा चेहरा दिसतो, त्यांना साइटवरचे संदेश, चॅट, फोरम काहीही दिसत नाही. स्पर्धेची वेळ त्यांच्या पालकांना फोनवर कळवावी लागते. ती मुलं ‘बेजबाबदार’ नाहीत, त्यांना निरोपच मिळत नाही.

पुढच्या बॅटलला किमान 20 ब्लिट्झ डावांची अट असेल, यावर मतदान नाही. टीममध्ये यायचा प्रवेश कोड आज रात्री बदलतोय, जुन्या सदस्यांना काही करायचं नाही. नऊपैकी सात लीडरांचे जादा अधिकार काढतोय. ज्यांना राग येईल त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा, ग्रुपवर नको.