हात लावायचा नाही

अभियांत्रिकीच्या पुस्तकात बॉयलर म्हणजे दोन इंचांचा चौकोन असतो. एक बाण आत जातो, एक बाण बाहेर पडतो, आणि पट्टीने नीट काढला तर अर्धा गुण जास्त मिळतो. औष्णिक वीजकेंद्रात उन्हाळी इंटर्नशिपला गेलो तेव्हा त्याच चौकोनाच्या पायथ्याशी मी मान वर करून उभा होतो. त्याचं वरचं टोक दिसायला हेल्मेट मागे सारावं लागायचं आणि ते मागे सारलं की कुठूनतरी हाक यायची, "ए ट्रेनी, हेल्मेट!" म्हणजे बॉयलर बघायचा तर नियम मोडायचा, नियम पाळायचा तर नुसते बॉयलरचे पाय बघायचे. आणि पाय त्याला नसतातच. एवढं अवाढव्य धूड जमिनीवर उभं नसून वरच्या पोलादी तुळयांना टांगलेलं असतं. तापलं की ते खालच्या बाजूला वाढतं, म्हणून खाली मोकळी जागा ठेवतात.

हे मला बसल्या जागी सांगितलं असतं तरी पटलं असतं. पण भर दुपारी जिन्याने माथ्यापर्यंत नेऊन दाखवण्यात आलं. लिफ्ट होती, पण ट्रेनी आला की ती दुरुस्तीला जायची. सेफ्टीच्या साहेबांनी आल्या आल्या बजावलं होतं, की इथे कशालाही हात लावायचा नाही, फक्त जिना चढताना कठडा सोडायचा नाही. अख्ख्या प्लांटमध्ये मला हात लावायची परवानगी असलेली ती एकच वस्तू, आणि उन्हाने ती अशी तापलेली की वरच्या मजल्यापर्यंत मी जवळजवळ नाचतच गेलो.

ज्यांच्या हाताखाली मला दिलं होतं, त्या सरांना शिकवण्याची दांडगी हौस. यंत्राशेजारी उभं राहून सांगितलं की डोक्यात पक्कं बसतं, यावर त्यांची श्रद्धा. त्यामुळे सगळी व्याख्यानं टर्बाइन हॉलमध्ये. तिथे कानात इअरप्लग घालणं सक्तीचं. सर जीव तोडून बोलताहेत, हातवारे करताहेत, मध्येच बोटांनी हवेत पाइप काढताहेत, आणि माझ्यापर्यंत पोचतंय ते एवढंच: "...म्हणून तर... तीन हजार... नाहीतर सगळंच... कळलं ना?" मी मान डोलवायचो. खूश होऊन सर आणखी अवघड भागाकडे वळायचे.

तीन हजारचा उलगडा मात्र मला झाला, कारण तो पुस्तकात होता. 50 हर्ट्झची वीज हवी आणि जनरेटर दोन ध्रुवांचा असेल, तर त्याने मिनिटाला बरोबर 3000 फेरे घ्यायचे. जिथे 60 हर्ट्झची पद्धत आहे तिथे 3600. एके दिवशी सरांनी जनरेटरच्या कवचावर प्रेमाने थाप मारली (त्यांना हात लावायची मुभा होती) आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मीही अगदी टेकून ऐकल्यासारखं केलं. कंट्रोल रूममध्ये परतल्यावर कळलं, की त्या कवचाच्या आत दाबाखाली हायड्रोजन भरलेला असतो. तो हवेच्या चौदा पट हलका, त्यामुळे फिरणाऱ्या रोटरला विरोध कमी होतो आणि उष्णताही झटकन वाहून नेली जाते. आत हवा मिसळू दिली नाही तर स्फोटाची भीती नाही, हेही सर तिथेच सांगत होते म्हणे. पुढच्या व्याख्यानाला मी चार पावलं मागे उभा राहिलो. ऐकू तितकंच आलं.

खरं शिक्षण झालं ते कंट्रोल रूममधल्या एका जुन्या ऑपरेटर काकांकडे. ते फार बोलायचे नाहीत, पण एसीत बोलायचे. एका व्हॉल्व्हपाशी पांढरे लोट निघताना बघून मी "वाफ! वाफ!" म्हणून धावत सांगायला आलो, तर त्यांनी लॉगबुकातून मान वर केली नाही. म्हणाले, "दिसली ना? मग ती वाफ नव्हे, थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब आहेत ते. खरी वाफ दिसतच नाही. चांगल्या दाबाची गळती असली तर नुसता आवाज येतो, आणि माणूस त्यात चालत जातो. तेव्हा आवाज आला की तू पुढे जायचं नाहीस, मला बोलवायचंस." त्यानंतर मला सगळीकडेच आवाज यायला लागला. काकांना इतक्या वेळा बोलावलं, की शेवटी ते मला शेजारच्या खुर्चीत बसवूनच ठेवायला लागले.

त्या खुर्चीतच मला माझं स्थान समजलं. वीजकेंद्र बनवलेल्या विजेतला काही वाटा स्वतःच खातं. पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या मिल यांत शंभरातले सहा-आठ भाग सहज जातात. त्या हिशेबात कंट्रोल रूमचा एसी येतो, आणि एसीखाली मी. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो आणि उरलेल्यापैकी बरीचशी, वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या थंडाव्याच्या पाण्याबरोबर निघून जाते, असं वाचून मी कॉलेजात हळहळलो होतो. इथे माझ्यावर खर्च होणाऱ्या विजेतून काय निघतंय हे बघितल्यावर त्या कंडेन्सरला नावं ठेवणं मी बंद केलं.

आणि मग एका संध्याकाळी संच ट्रिप झाला, म्हणजे बॉयलर, टर्बाइन, जनरेटर हे सगळं एकदम आपोआप बंद पडलं. पडद्यावर अलार्मच्या लाल ओळी धबाधब उतरायला लागल्या. काकांचा आवाज एवढासाही चढला नाही, पण सगळ्यांनी एकदम वळून आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मांडीखाली घेऊन बसलो होतो. कारण निघालं बॉयलरची नळी फुटल्याचं, आणि ती नळी माझ्यापासून दहा-बारा मजले वर होती. तरी पुढे संच पुन्हा ग्रिडला जोडेपर्यंत "ट्रेनीला आज कोळशाकडे पाठवा" हा निरोप न चुकता यायचा.

त्या रात्री पाहिलेलं एक दृश्य मात्र व्याख्यानाविना डोक्यात बसलं. वाफ तोडल्यावर टर्बाइनचा वेग हळूहळू उतरत जातो, आणि ती थांबायच्या बेताला आली की एक छोटी मोटर तिला धरून संथपणे फिरवत राहते. याला बॅरिंग गिअर म्हणतात. तापलेला शाफ्ट एका जागी स्थिर राहिला तर वाकतो, म्हणून निवेपर्यंत त्याला तासन्‌तास नुसता फिरता ठेवतात. वीज शून्य, काम शून्य, पण थांबायचं नाही. "तुमच्या ट्रेनींचंही असंच असतं," काका म्हणाले, आणि मला आणखी एका रीडिंगच्या फेरीवर पाठवलं.

शेवटी फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: 'प्रशिक्षणकाळात हाताळलेली उपकरणे'. मी बराच विचार करून 'स्टेपलर' असं लिहिलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, ते खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विविध'.