गाळ प्लॉटच्या फाटकावरच अडवा

बडोद्यात पूर आला की वाद ठरलेले. आजवा जलाशयातून पाणी कधी सोडलं, विश्वामित्री नदीच्या पात्रात कुणी बांधकाम केलं. ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर ते पेटले आणि २०२५च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद करण्याचं मोठं काम निघालं. ते हवंच होतं. पण भायली, सेवासी, वाघोडिया रोड या वाढत्या उपनगरांकडे मे महिन्यात खणून ठेवलेल्या बेसमेंटची माती पहिल्या धोधो सरीत रस्त्याच्या गटारात आणि तिथून कांसात, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्यात, उतरते, याची चर्चा कानावर पडत नाही. कांस बुजला तर नदी कितीही खोल करा, सोसायटीतलं पाणी नदीपर्यंत पोचणार कसं?

मी राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनात यासाठी १९७३पासून कायदा आहे. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची तर आधी माती अडवण्याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. साइटची तपासणी दर सात दिवसांनी, शिवाय चोवीस तासांत इंचभर पाऊस पडला तर पुढच्या २४ तासांत. काम थांबलं की तीव्र उतार सात दिवसांत झाकायचा, बाकी जमीन चौदा दिवसांत. भारतात २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून. त्याखालच्या असंख्य स्कीम त्यातून सुटतात.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं नाही. इथल्या साइटभोवती जे काळं कापड दिसतं, ते पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. ते गाळणी नव्हे. पाणी थोपवून माती खाली बसू देणं एवढंच त्याचं काम. खालची कड सहा इंच चरात पुरून माती दाबली नाही तर पाणी खालून निसटतं, आणि वाहत्या ओघळात आडवं लावलं तर पहिल्याच लोंढ्यात आडवं होतं. चिकणमातीचे बारीक कण तर त्यातून आरपार जातात. बडोद्यात बांबूला बांधलेली हिरवी जाळी एवढंही करत नाही. इथे उघड्या जमिनीवर गवत पेरतात. मे महिन्यातल्या बडोद्यात ते उगवणार नाही, तिथे ताडपत्रीच बरी.

उपयोगी पडेल तो गाळ खाली बसवणारा खड्डा. अमेरिकेत गाळाच्या तळ्याचा रूढ हिशेब एकरी ३,६०० घनफूट, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५ लिटर. हजार चौरस मीटरच्या प्लॉटला २५ घनमीटर झाले: ७ मीटर लांब, ३ रुंद, १.२ खोल. प्लॉटच्या सखल कोपऱ्यात खणायचा, पाणी एका टोकाला घ्यायचं आणि दुसऱ्या टोकाने सोडायचं. अर्धा भरला की उपसायचा, आणि उपसलेली माती रस्त्याच्या कडेला टाकायची नाही, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

खरा घोटाळा पंपाचा. बेसमेंटमध्ये पाणी साचलं की पंपाची सक्शन तळाला सोडतात आणि पाइपचं तोंड थेट गटारात, म्हणजे सगळा राबडा शहराच्या गळ्यात. सक्शनची जाळी रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपाला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर तरंगत ठेवावी, पाइप या खड्ड्यात सोडावा, आणि पंप पावसानंतर पाणी निवळू देऊन मग चालू करावा. पाणी पिंपासह खाली गेलं की तळापासून फूटभर वर पंप बंद. उरलेला चिखल पाट्यांनी काढायचा.

फाटकावर ५०-७५ मिमी खडीचा सहा इंच थर, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती आणि खडी वेगळी ठेवणारं जाड कापड. ते नसेल तर काळ्या मातीत खडी पंधरा दिवसांत गडप होते. लांबी पंधरा मीटर मिळाली तर उत्तम. शहरातल्या प्लॉटला ती मिळत नाही, तेव्हा डंपरची चाकं धुवायची आणि ते पाणीही खड्ड्यातच.

बेसमेंट ऑक्टोबरात खणून जूनच्या आत प्लिंथवर, म्हणजे जोत्यापर्यंत, यायचं, हा सर्वांत स्वस्त उपाय. पण बिल्डरचं वेळापत्रक पैशावर चालतं. म्हणून रजाचिठ्ठीतच, म्हणजे बांधकामाच्या परवान्यातच, अट ठसठशीत हवी: जून ते सप्टेंबर खोदाई चालू किंवा उघडी राहणार असेल तर खड्डा तयार आहे, हे वॉर्डच्या इंजिनियरने साइटवर येऊन बघायचं आणि मगच जेसीबी आत.