डब्यातला भोपळा आणि ‘आळशी बायका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या पम्पकिन ब्रेडच्या पाककृतीखाली तुम्ही लिहिलंत, “डब्यातला भोपळा ओतायचा आणि वर घरचा ब्रेड म्हणायचं, हा आळशी बायकांचा उद्योग. दीड कप साखर, लोण्याच्या जागी तेल! त्यापेक्षा आईकडून घारगे शिकली असतीस तर बरं.”

आधी या ‘असतीस’बद्दल. आपली ओळख नाही, कधी भेट नाही, मग हे एकेरी कशाला? पाककृती पटली नाही तर तसं स्पष्ट लिहा, मी उत्तर देईन. ‘आळशी बायका’ म्हटल्याने कुणाचा ब्रेड चांगला होणार आहे? आणि माझ्या आईला मध्ये ओढायचं काहीच कारण नव्हतं.

साखरेचं म्हणणं मान्य. एका कपातही ब्रेड चांगला होतो, तसं पाककृतीत लिहिते. तेलावर वाद घालत नाही. ज्यांना लोणी हवं त्यांनी खुशाल घालावं.

राहिला डबा. मी इलिनॉयमध्ये पिओरियाला राहते. इथून जवळच मॉर्टन गावात लिबीज या ब्रँडचा डबाबंद भोपळ्याचा कारखाना आहे, आणि सप्टेंबरात तिथे भोपळ्याचा उत्सव भरतो. अमेरिकेत डब्यात जाणारा बहुतेक भोपळा याच राज्यातल्या शेतांतून येतो. शेतातून निघालेला भोपळा धुऊन, चिरून, वाफवून, पाणी काढून डबाबंद होतो. डब्यावर घटक एकच छापलेला असतो, भोपळा. दुकानात शेजारीच पम्पकिन पाय फिलिंगचा, म्हणजे भोपळ्याच्या गोड पायच्या तयार सारणाचा डबा असतो, त्यात साखर आणि मसाले आधीच असतात. तो घेऊ नका असं मी पाककृतीतच लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

हॅलोविनला दारात कोरून ठेवतात तो मोठा नारिंगी भोपळा वेगळा. तो पाणचट आणि तंतुमय असतो. लिबीज वापरते तो डिकिन्सन जातीचा, फिकट बदामी सालीचा, घट्ट गराचा. तो कुकुर्बिटा मोशाटा, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचीच प्रजाती. घारग्यांचा भोपळा आणि माझ्या डब्यातला भोपळा सख्खे नसले तरी एकाच घराण्यातले आहेत.

आता आळसाबद्दल. मी ताज्या भोपळ्याचा ब्रेड अनेक वर्षं केला आहे. भोपळा अर्धा करून, बिया काढून, पालथा ठेवून भाजायचा, गर काढून वाटायचा, मग मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगायचा. एवढं करूनही प्रत्येक भोपळ्यात पाणी कमीजास्त निघतं. गर पातळ राहिला की तासभर भाजूनही ब्रेड मधोमध चिकट लागतो. डब्यातला गर दर वेळी सारखाच घट्ट असतो, म्हणून तो घेतला. हा निर्णय ओट्यापाशी उभं राहून घेतलेला आहे.

आणि घारगे मला येतात. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची, थापून तळायचे. माझी आई साताऱ्याला असेच करते. त्यासाठी गूळ दुकानातून येतो आणि कणीक गिरणीतून. तिला आजवर कुणी सांगितलं नाही की ऊस घरी गाळला नाहीत, म्हणजे हे घरचे घारगे नव्हेत. ऑक्टोबरात इथे पानगळ सुरू झाली की माझ्या घरी घारगेही होतात आणि ब्रेडही. दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ मी घरीच कुटते, तेव्हा अख्ख्या घराला वास लागतो. याला ‘ओतायचा उद्योग’ म्हणताना तुम्ही स्वतः एकदा तरी हा ब्रेड भाजला होता का?

तुम्हाला ताजाच गर हवा असेल तर बटरनट स्क्वॉश घ्या, तोही मोशाटाच. निथळून घट्ट झालेला गर डब्याइतका, म्हणजे ४२५ ग्रॅम मोजा आणि बाकी पाककृती तशीच ठेवा. काही अडलं तर जरूर विचारा. आईबद्दल पुन्हा काही लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.