जुळी कोकरे आणि मेंढीचा खुराक

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' ही जात कशी तयार केली, हे तुमच्याकडे छापून आलेल्या जुळ्या कोकरांवरील लेखात उत्तम सांगितले आहे. मात्र खुराकाविषयी एकच ओळ आहे आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. मेंढीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा असून गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमक्या त्याच काळात पोटात जागा कमी उरल्याने तिचे चारा खाणे घटते, आणि मक्याचा भरडा किंवा पेंड मिळाली नाही तर ती अंगावरची चरबी झिजवते, पुढे खाणे सोडून बसून राहते. आमच्या मेंढवाड्यात जुळ्यांपैकी लहान कोकरू पाठ काढून, कान पाडून आईमागे उभे असते. थोरले कोकरू आचळ सोडेपर्यंत चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, उरलेला नसतो. पहिल्या काही तासांतच दुसऱ्या मेंढीचा चीक बाटलीने पाजला, तर बहुधा ते तगते. चाऱ्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या मेंढपाळाने दर वेताला गाभण मेंढीचा हा खुराक कोठून आणावा, यावर लेखकाने कृपया सविस्तर लिहावे.